ओल्या जर्सीतला गोलकीपर

मैदानाच्या कोपऱ्यावर माझी चहाची टपरी आहे. तिथं बसून आमच्या गावचे पुरुष वर्षानुवर्षं एकच विषय चघळतात: आपल्या फुटबॉल क्लबचा कोणता मॅनेजर चांगला होता. भाताचा भाव, रस्त्याचे खड्डे, कोणाची जमीन कोणाला गेली, हे विषय येतात आणि जातात. मॅनेजर मात्र हलत नाहीत. खेळणाऱ्यांबद्दल एवढं बोललेलं मी कधी ऐकलं नाही. खेळणारा म्हणजे जणू बैल, आणि शर्यत जिंकली ती गाडीवानानं.

आमच्याकडं फुटबॉल आला तो रसायनीच्या कारखान्यामुळं. तिथं नोकरीला लागलेला कोल्हापूरचा एक फिटर आमच्या गावात भाड्यानं राहायला आला. कोल्हापूरची माणसं फुटबॉलसाठी वेडी असतात हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. हा माणूस ड्यूटीवरून आला की देवळामागच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारत बसायचा. आधी पोरं हसली, मग बघायला लागली, मग खेळायला लागली. भातकापणी झाली की शेतं मोकळी पडतात. तो पोरांना अरुंद बांधांवरून पळवायचा. खाली बघायचं नाही, समोर बघायचं. पाय चुकला की धसकटात. त्याला सगळे मास्तर म्हणायला लागले. डोंगरातल्या आदिवासी वाडीवरची तीन पोरंही त्यानंच आणली. चढावरून म्हशी आणताना त्यांना धावताना त्यानं पाहिलं होतं. आणलं आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांत मिसळून टाकलं. मॅचच्या सकाळी पोरं माझ्याकडं जेवायची. "काकू, ओळ एकच हं," एवढंच तो मला म्हणाला. मी एकच ओळ बसवली.

मास्तरची टीम तीन वेळा शेवटच्या सामन्यापर्यंत गेली आणि तिन्ही वेळा हरली. मग त्याची बदली झाली आणि क्लब सरांकडं गेला. सर म्हणजे गावातलेच मोठे शेतकरी, कर्जतला शाळेत खेळ शिकवायचे. त्यांनी पोरांना बूट आणले, जाण्यायेण्याला जीप लावली, आणि दुसऱ्याच वर्षी पनवेलच्या बाजूला झालेल्या स्पर्धेत कप जिंकला. त्याला सोळा-सतरा वर्षं झाली. त्यानंतर कप नाही.

यंदा क्लबचा रौप्यमहोत्सव. मैदानाच्या फाटकाशी काळ्या दगडाची पाटी बसवायची ठरली. कप जिंकलेल्या टीमची नावं, आणि वर मोठ्या अक्षरात मॅनेजरचं नाव. कोणत्या मॅनेजरचं, यावर माझ्या बाकड्यावर आठवडाभर रण माजलं.

"कप कोणी आणला? सरांनी. विषय संपला."

"अरे, टीम कोणी घडवली? झाड मास्तरनं लावलं, सरांनी नुसतं आंबं काढलं."

"मास्तर तीनदा फायनल हरला."

"हरायला पण फायनलला जावं लागतं रं."

"हां, तुझ्यासारखं. तू पण दहावीला तीनदा गेलतास."

बाकडं हसलं. कोणीतरी सरांनंतरच्या तिसऱ्या मॅनेजरचं नाव काढलं, जो मोबाईलवर बघून पोरांना उभं करायचा. त्यावर दुसरा म्हणाला, "त्याची बॅटरी संपली की प्रॅक्टिस संपली." तिसऱ्याचं नाव तिथंच बाद झालं.

या सगळ्यांत खुर्ची एकच आणि ती सरांच्या मेहुण्याची. आता पन्नाशीचा आहे, प्लॉटचे धंदे करतो, क्लबला देणगी देतो. देणगी देणाऱ्याला बाकड्यावर कोण बसवणार? त्याची एक गोष्ट सगळ्या पोरांना पाठ आहे. सामना बरोबरीत सुटला, पेनल्टी आल्या, शेवटची पेनल्टी अडवली म्हणून आपण जिंकलो. "दाजी माझ्याजवळ आलं, कानात म्हणालं, उजवीकडं झेप. मी झेपलो." असं तो म्हणतो. हात पसरून दाखवतो. खुर्ची करकरते.

ही गोष्ट मी वाढताना पाहिली आहे. पहिल्या वर्षी तो म्हणायचा, मी गोलपोस्टच्या मागं उभा होतो. दोन-चार वर्षांनी म्हणायला लागला, मी राखीव होतो, मला घेणारच होते, तयार बसलो होतो. मग एक दिवस तो थेट गोलमध्येच उभा राहिला. सामना लांबच्या गावी झालेला, गावातून एक टेंपो भरून माणसं गेलेली. त्यातली निम्मी आता गावात नाहीत, काही जगात नाहीत. आणि उरलेल्यांना देणगी दिसते. मीही ऐकत होते आणि चहा गाळत होते.

त्याच आठवड्यात एका दुपारी क्लबचा सेक्रेटरी कागद घेऊन आला. हा नेरळला बिल्डरच्या ऑफिसात कामाला जातो, मुलगा हुशार आहे, पण कप आला तेव्हा बालवाडीत होता. त्यानं क्लबच्या खोलीतला कपाचा फोटो पाहून नावांची यादी केली होती. अकरा माणसं, अकरा नावं. दगडवाल्याला द्यायच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवतो म्हणाला.

वाचलं. पहिलंच नाव गोलकीपर म्हणून मेहुण्याचं. शेवटी सरांच्या भाच्याचं आणि त्या वेळच्या सरपंचाच्या मुलाचं. वाडीवरच्या तिघांचं एकाचंही नाही.

सगळ्यांनी ऐकलं. लगेच मास्तर मोठा की सर मोठे हे पुन्हा सुरू झालं. माझ्या हातात गाळणं होतं ते मी आपटलं.

"वाडीवरचे तिघे कुठं गेले?"

"कोण तिघे, आजी?" सेक्रेटरी म्हणाला.

"दोन पुढं धावणारे आणि गोलकीपर."

"गोलकीपर हे काय, काका बसलेत."

"याला गोलकीपरची जर्सी मी दिली," मी म्हटलं. "दोरीवरची. ओली होती."

मेहुणा हसला. "म्हातारीचं वय झालं रं. काल माझ्या चहात साखर दोनदा घातली."

"दोनदा घातली, कारण तू दोनदा मागितलीस."

मग मी सांगितलं. क्लबकडं जर्सीचा एकच जोड होता आणि तो धुवायचं काम माझं होतं. कप जिंकून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी दुपारचं मटणाचं जेवण होतं. स्वयंपाकाला मी होते. सकाळी जर्सी धुऊन मी सरांच्याच कुंपणाला दोरी बांधून वाळत घातल्या. कर्जतहून फोटोवाला आला. त्याला पुढं एका लग्नाला पोचायचं होतं, घाई करत होता. गावातल्या आठ पोरांनी आपापल्या जर्सी कोरड्या बघून उचलल्या आणि घातल्या. तीन दोरीवर राहिल्या, कारण त्या शेवटी धुतलेल्या आणि सावलीत होत्या, आणि ज्यांच्या होत्या ती पोरं घराच्या मागं होती. सर मला म्हणाले, "वहिनी, राहिलेल्या तीन आणा. फोटोत अकरा दिसलं पाहिजेत." मी काढून आणल्या. पाणी टपकत होतं. त्या मेहुण्याला, भाच्याला आणि सरपंचाच्या मुलाला दिल्या. मागच्या पोरांना हाक मारू का, असं मी विचारलं नाही.

सेक्रेटरीनं मोबाईलवर तो कपाचा फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला. सगळी डोकी त्यावर वाकली. आठ जर्सी फिक्या निळ्या. दोघांच्या गडद, अंगाला चिकटलेल्या. गोलकीपरची पिवळी जर्सी मेहुण्याच्या पोटावर ताणलेली आणि खाली काळी ओल.

"पाऊस आला असंल," कोणीतरी म्हणालं.

"मग आठजण कोरडे कसे? पाऊस काय माणूस बघून पडतो?"

मेहुणा उठला. दाजींना सांगतो म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. गेल्यावर जो माणूस आधी दहावीवरून टोमणा मारत होता तो हळूच म्हणाला, "मावशे, मला म्हायती होतं. मी टेंपोत होतो." मी त्याच्याकडं बघितलं. माहिती होतं आणि सोळा वर्षं त्याच मेहुण्याच्या शेजारी बसून सरांच्या डावपेचांची पूजा बांधत होता. मला त्याचा फार राग आला. नंतर लक्षात आलं की मलाही माहिती होतं.

खरा गोलकीपर आता चाळिशीचा आहे. विटांचा टेंपो चालवतो. रोज संध्याकाळी माझ्याकडं थांबतो, उभ्यानंच चहा पितो आणि जातो. क्लबचं बोलणं चाललं असेल तर त्यात पडत नाही. त्या दिवशीही थांबला. सेक्रेटरीनं त्याला विचारलं, "दादा, कपाच्या मॅचला गोलमध्ये तुमी होता?"

त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. "व्हतो."

"शेवटची पेनल्टी तुमी अडवली?"

"अडवली."

सरांच्या बाजूचा एकजण घाईनं म्हणाला, "पण सरांनीच सांगितलं होतं ना, उजवीकडं झेप म्हणून?"

"सांगितलं व्हतं. मी डावीकडं झेपलो."

"का?"

"मारनारा चेंडू ठेवताना डावीकडं बघतच नव्हता. चोराला ज्या घरात घुसायचं असतं, त्या घराकडं तो बघत नाय."

मास्तरवाल्यानं मांडीवर थाप मारली. "बघा! हे मास्तरचं शिकवणं! बघायला मास्तरनं शिकवलं!"

"मास्तरनं पन नाय शिकवलं," तो म्हणाला. "मी बघितलं."

यावरही ते थांबले नाहीत. एकजण म्हणाला, म्हणजे सरांचा अंदाज चुकला, मास्तरला एक मार्क. दुसरा म्हणाला, पण गोलमध्ये त्यालाच उभा करायचा हा निर्णय सरांचाच ना. तो माणूस समोर उभा, विटांची धूळ अंगावर, हातात माझा ग्लास. आणि त्याच्या झेपेची वाटणी हे दोन मॅनेजरांत करत होते. मी ओरडले, "अरे, त्याला बसायला तरी सांगा." कोणीतरी सरकलं. तो बसला नाही. ग्लास ठेवला आणि मला म्हणाला, "जर्सी कोनी काढून दिली ते सांगितलंस, बाय?"

म्हणजे त्यानं पाहिलं होतं. घराच्या मागून पाहिलं होतं आणि इतकी वर्षं माझ्याकडचा चहा पीत होता.

"सांगितलं," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला आणि टेंपो सुरू केला.

दोन दिवसांनी कमिटीनं तोडगा काढला. पाटीवर चौदा नावं. आधीची अकरा तशीच आणि खाली तीन, 'राखीव खेळाडू'. कोणालाच दुखवायला नको. सेक्रेटरी मला सांगायला आला तेव्हा त्याचं त्यालाच हसू येत होतं.

"चौदाजणांचा फुटबॉल कुठं खेळतात रं?"

"आजी, मी सांगून बघितलं. काकांनी पाटीची देणगी दिलीय."

पाटी लागणार तो फाटकाचा उजवा खांब ज्या तुकड्यात उभा आहे, तो तुकडा माझ्या नावावर आहे. क्लबला मी तो तोंडी दिला होता, कागद कधी झाला नाही. मी सेक्रेटरीला म्हटलं, पेनल्टी न अडवलेल्या माणसाचं नाव माझ्या जमिनीवर लागणार नाही. लावलंत तर खांब उपटून टाकीन. मला जमलं नाही तर टेंपोवाल्याला दोरखंड लावायला सांगीन.

मग सर आले. गाडीतून उतरले, बाकड्यावर बसले, आता थकलेत. चहा मी बिनसाखरेचा दिला, त्यांना मधुमेह आहे.

"वहिनी, जुन्या गोष्टी कशाला उकरता? मी त्या पोरांसाठी काय केलं नाही? बूट घेतले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता तेव्हा जीप पाठवत होतो."

"खरंय. बूट दिलेत. जीप पाठवलीत. फोटोत का नाही घेतलंत?"

"फोटोवाला घाईत होता."

"माणसं दहा पावलांवर होती, सर."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "कप तर मीच आणला ना." एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, "तुम्ही नव्हता आणला, त्यांनी आणला. तुम्ही जीप आणली." ते उठून गेले. चहा अर्धा राहिला होता. पण मेहुण्याला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, त्यानं त्याचं आणि भाच्याचं नाव मागं घेतलं. सरपंचाचा मुलगा तर दुबईला आहे, त्याला विचारलं तेव्हा तो फोनवरच म्हणाला, मी कधी खेळलोच नाही, काढा ते.

पाटी तयार झाली. अकरा नावं, खरी अकरा. मॅनेजरांची दोन्ही नावं खाली, एकाच मापात, कारण त्यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

सेक्रेटरी वाडीवर आमंत्रण द्यायला गेला. दोघे पुढं खेळणारे यायला तयार झाले. गोलकीपर म्हणाला, "नाव लिवलंत ते बरं केलंत. शाल-नारळाला मी येत नाय. ती बाय माईकवर सांगनार असंल तर येतो. टपरीवर सांगितलं ते टपरीवरच राहतं."

हे ऐकून मी आधी चिडले. या वयात मला सगळ्या गावासमोर उभी करतोस? मी तुझं नाव लावून घेतलं, खांबासाठी भांडले, आणि तुझी वर अट? दिवसभर चिडून होते. संध्याकाळी भांडी घासताना चीड संपली, कारण तिला पुढं जागा नव्हती. तो बरोबर होता.

कार्यक्रमाला मैदान भरलं. शाळेतल्या पोरांचे सामने झाले. सर पहिल्या रांगेत, खांद्यावर शाल. मेहुणा आला नाही. साखर वाढली म्हणून निरोप होता. माईकवर माझं नाव घेतलं तेव्हा लोकांना वाटलं, आजी आशीर्वाद देणार. मी सांगितलं. जर्सी मी धुतल्या, मी काढल्या, मी चुकीच्या माणसांना दिल्या, फोटोतले तिघे खेळलेले नाहीत, खेळलेले तिघे इथं बसलेत. पाच-सहा वाक्यं झाली. टाळ्या कमी वाजल्या. मागून एकजण म्हणाला, "आता हे आजच काढायचं होतं का?" मी माईकवरूनच म्हटलं, "काल काढायचं होतं. सोळा वर्षं काल काढायचं होतं." सरांनी मान वर केली नाही. मी खाली आले.

टाळ्या वाजल्या तेव्हा वाडीवरचे ते दोघे उठून उभे राहिले. गोलकीपर बसूनच राहिला. कार्यक्रम संपल्यावर माणसं जेवायच्या मांडवाकडं गेली आणि तो माझ्याकडं आला. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल. माणसाला वाटतं.

"जर्सीचं सांगितलंस," तो म्हणाला. "आमी मागं का व्हतो ते नाय सांगितलंस."

मग तो गेला. जेवला नाही. मांडवाकडं मी वळून बघितलं तर तिथं वाढपी फिरत होते आणि हातात ताट घेऊन आमचे लोक पुन्हा सुरू झाले होते: काहीही म्हण, मास्तर असता तर हा प्रकार झालाच नसता. दुसरा म्हणत होता, पण मास्तरला कप कुठं मिळाला?

मी ते माईकवर सांगितलं नाही, हे खरं आहे. इथं लिहिते. फोटोच्या त्या दिवशी सर मला म्हणाले होते, "घरात आई आहे, तिला चालत नाही, त्या तिघांचं मागं गोठ्यापाशी वाढा." मास्तरच्या वेळी मी एकाच ओळीत वाढत होते, मास्तर गेला तशी माझी ओळही गेली. मला कोणी हात धरून नेलं नव्हतं. भांडं घेऊन मीच मागं गेले. तिघं पत्रावळी घेऊन जमिनीवर बसले होते, शेजारी म्हैस. गोलकीपरच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती, आदल्या दिवशी चेंडू लागून सुजली होती. त्यानं रस्सा मागितला. पळी पत्रावळीला लागू नये म्हणून मी हात वर धरून वरूनच ओतला. गरम रस्सा त्याच्या पट्टीवर सांडला. त्यानं हात मागं घेतला नाही. त्याच वेळी पुढच्या अंगणातून फोटोवाल्याचा आवाज आला, सगळे इकडं बघा, आणि सरांनी मला जर्सीसाठी हाक मारली.